ज्या शर्यतीला प्रेक्षक नाहीत

सप्टेंबर २०१९ मध्ये फिजी बेटांवर एक शर्यत झाली. ३० देशांतून ६६ संघ आले होते. प्रत्यक्ष वाटेवर उतरणारे प्रत्येक संघात चार, आणि त्या चौघांत बायका-पुरुष दोन्ही असायलाच हवेत असा नियम. अंतर ६७१ किलोमीटर, मुदत ११ दिवस. सुरुवात शिडाच्या पारंपरिक होड्यांतून, मग जंगल, बांबूचे तराफे, सायकली, दोराच्या आधाराने धबधब्याचा कडा, आणि शेवटी पुन्हा समुद्र. कुठे थांबायचं, किती झोपायचं हे ज्याने त्याने ठरवायचं. घड्याळ मात्र चालूच. जीपीएसला बंदी, हातात कागदी नकाशा आणि होकायंत्र. या खेळाची जुनी रीत अशी की चौघांपैकी एकाने हात टेकले तर बाकीच्या तिघांचीही शर्यत संपली.

अशा शर्यतीला स्टेडियम नसतं. वाटेतल्या गावांत पोरंसोरं हात हलवतात, तेवढेच काय ते प्रेक्षक. बाकी दिवसरात्र संघ आणि रान. पुढे ऑगस्ट २०२० मध्ये, निम्मं जग घरात कोंडलेलं असताना, या शर्यतीची दहा भागांची मालिका अ‍ॅमेझॉन प्राइमवर आली. सूत्रधार बेअर ग्रिल्स. आपण घरबसल्या त्यात जे पाहिलं, ते कुणीतरी त्या चिखलात उभं राहून, पुष्कळदा उलट्या पावलांनी चालत टिपलेलं होतं. त्याचं नाव शेवटच्या नामावलीत भरभर वर सरकून जातं आणि तोवर आपण पुढचा भाग लावलेला असतो. हे प्रकरण त्याच्या कामाविषयी आहे.

कॅमेरा या खेळात नंतर घुसला, असं कुणाला वाटेल. इतिहास वेगळं सांगतो. रॉबिन जडकिन्स यांनी १९८३ मध्ये न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावर ‘कोस्ट टू कोस्ट’ सुरू केली: एका किनाऱ्यावरून निघून धावत, सायकलवर आणि कयाकमधून दुसरा किनारा गाठायचा, २४३ किलोमीटर. पण अनोळखी मुलखात, अनेक दिवस, संघाने मिळून करायची शर्यत निघाली ती जेरार फ्युझिल या फ्रेंच पत्रकाराच्या डोक्यातून. त्याची पहिली ‘रेद गोल्वाझ’ १९८९ मध्ये झाली, तीही न्यूझीलंडमध्येच. ‘गोल्वाझ’ हे सिगारेटचं नाव. कल्पना पत्रकाराची आणि जाहिरात सिगारेटची, म्हणजे ही शर्यत पहिल्या दिवसापासून चार लोकांना दाखवण्यासाठीच होती. ब्रिटिश सैन्यातून बाहेर पडून अमेरिकेत गेलेला मार्क बर्नेट या फ्रेंच शर्यतीत स्वतः उतरला आणि १९९५ मध्ये त्याने युटाच्या रखरखीत मुलखात ‘इको-चॅलेंज’ उभी केली. मग ब्रिटिश कोलंबिया, ऑस्ट्रेलिया, मोरोक्को, पाटागोनिया, बोर्निओ, न्यूझीलंड आणि २००२ मध्ये फिजी, अशी ती फिरत राहिली.

बर्नेटने एक गोष्ट फार लवकर ओळखली होती. पहिला कोण आला याच्याशी घरी बसलेल्या माणसाला फारसं देणंघेणं नसतं. चार दमलेली, उपाशी, अर्धवट झोपेतली माणसं एकमेकांशी कशी वागतात ते त्याला बघायचं असतं. याच ओळखीवर त्याने २००० मध्ये अमेरिकन टीव्हीवर ‘सर्व्हायव्हर’ आणली आणि पुढे तो या धंद्यातला बडा निर्माता झाला. कॅमेरामनच्या वाट्याला मात्र यातून एक कटकट आली. डोंगर दुरून टिपता येतो, चेहरा टिपायला माणसाच्या पुढे असावं लागतं.

सगळी मेख इथेच आहे. संघाच्या मागून चाललं की दिसतात चार सॅक आणि चार पाठी. पुढून दृश्य हवं तर संघाला गाठायचं, ओलांडायचं, पन्नास-शंभर पावलं पुढे निघायचं, जागा हेरायची, धाप आवरायची आणि कॅमेरा न हलवता उभं राहायचं. संघ समोरून येतो, अंगावरून जातो, पाठमोरा होतो. मग सामान उचलून पुन्हा पळायचं. संघाने एका चालीत चढलेली चढण कॅमेरामन तुकड्यातुकड्याने, पण धावत चढतो. हरिश्चंद्रगडाची नळीची वाट ज्यांनी केली आहे त्यांनी एवढंच मनात आणावं: सोबत तालुक्यातले सगळ्यात दमदार चालणारे आहेत, त्यांना दर वीस मिनिटांनी मागे टाकायचं आहे, आणि मागे टाकून झाल्यावर हात थरथरता कामा नये.

अर्थात ११ दिवस एकच माणूस हे करत नाही. सहसा कॅमेरामन आणि त्याचा जोडीदार एखाद्या टप्प्यापुरते संघाबरोबर असतात. पुढच्या मुक्कामावर, म्हणजे जिथे संघ होडी सोडून सायकल घेतो तिथे, ताजी जोडी तयार असते. स्पर्धकांपेक्षा त्यांना झोप जास्त मिळते, जेवण गरम मिळतं. या बाबतीत कॅमेरामनांच्या हालअपेष्टांच्या कहाण्या थोड्या सावधपणे ऐकाव्यात. पण ज्या टप्प्यावर ते असतात तिथे त्यांच्या पाठीवरचं वजन स्पर्धकापेक्षा जास्त असतं, कारण स्वतःचं पाणी, अन्न, तंबू, औषधं यांच्यावर कॅमेऱ्याचं ओझं वेगळं. नवा कॅमेरामन सॅक भरताना लेन्सांचा विचार करतो, जुना माणूस आधी मोजे मोजतो.

आणखी एक गोष्ट बाहेरच्या माणसाच्या लक्षात येत नाही. शर्यत जसजशी पुढे सरकते तसतशी ती लांबत जाते. फिजीत न्यूझीलंडच्या संघाने सुमारे सहा दिवसांत शेवट गाठला. तेव्हा मागचे संघ अजून जंगलातच होते आणि त्यांच्यापुढे आणखी पाच दिवसांची मुदत होती. पहिल्या सकाळी एका खाडीत मावणारी ६६ संघांची गर्दी अशी बेटभर पांगते. प्रत्येक संघाजवळ त्याची जागा कळवणारं यंत्र असतं, त्यामुळे तळावरच्या पडद्यावर ठिपके दिसतात. ठिपका थांबला म्हणजे संघ झोपला, वाट चुकला की कुणाचा पाय मुरगळला, हे ठिपका सांगत नाही. तिथे हेलिकॉप्टर पाठवायचं की नाही हे कुणीतरी अंदाजाने ठरवतं. पैजेवर पैसे लावण्यासारखाच हा प्रकार.

सगळ्या संघांमागे सतत कॅमेरा ठेवणं कुणालाच परवडत नाही. म्हणून कोणाची गोष्ट सांगायची ते बरंचसं आधी ठरतं. फिजीच्या मालिकेत मार्क मेसी हे पूर्वी अनेक इको-चॅलेंज केलेले गृहस्थ होते. त्यांना अल्झायमर झाल्याचं निदान झालं होतं आणि ते मुलाबरोबर, ट्रॅव्हिसबरोबर, पुन्हा एकदा उतरले होते. भारताच्या ‘खुखरी वॉरियर्स’ संघाचं नेतृत्व ताशी आणि नुंग्शी मलिक या डेहराडूनच्या जुळ्या बहिणींकडे होतं. २०१३ मध्ये दोघींनी मिळून एव्हरेस्ट सर केलं होतं. अशा संघांवर कॅमेरा ठेवायला कुणाला सांगावं लागत नाही. मेसी बापलेक शेवटच्या रेषेपर्यंत पोचले नाहीत, तरी मालिका पाहिलेल्यांना त्यांचे प्रसंग विजेत्यांपेक्षा जास्त आठवतात. उरलेल्या संघांनीही तेवढेच किलोमीटर तुडवले, तेवढेच फोड अंगावर घेतले, आणि त्यांतले कित्येक पडद्यावर जेमतेम काही सेकंद दिसले. हा अन्याय आहे, पण त्याला उपाय कुणाला सापडलेला नाही.

आता पाण्याकडे वळू. या शर्यतींत कॅमेरामनचा खरा वैरी उंची नसते, ओल असते. २००० सालची इको-चॅलेंज मलेशियातल्या साबाह प्रांतात, बोर्निओच्या जंगलात झाली. घरी परतल्यावर स्पर्धक तापाने फणफणू लागले. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने शोध घेतला. ३०४ स्पर्धकांपैकी १८९ जणांशी संपर्क झाला, त्यांतल्या ८० जणांची लक्षणं लेप्टोस्पायरोसिसच्या व्याख्येत बसली आणि २९ जणांना रुग्णालयात ठेवावं लागलं. सुदैवाने कुणी दगावलं नाही. धोक्याचं मूळ सापडलं ते सेगामा नदीत पोहण्यात. आपल्याकडे लेप्टो म्हटलं की मुंबईचं तुंबलेलं पाणी किंवा सिंधुदुर्गातली भातखाचरं आठवतात. इथे जगातली सर्वांत तंदुरुस्त माणसं तशाच जिवाणूने आडवी झाली होती. जनावरांच्या लघवीतून पाण्यात आलेला जिवाणू पायावरच्या खरचटीतून शिरतो. ती खरचट स्पर्धकाची की कॅमेरामनची, हे तो बघत नाही. दोघंही त्याच नदीत, त्याच ओरखड्यांनिशी उभे असतात. म्हणून अनुभवी मंडळी मुक्कामाला पोचल्यावर कॅमेऱ्याच्या कार्डावरचं चित्रण उतरवून घेण्याआधी पाय कोरडे करतात.

कॅमेऱ्यालाही ओलीचं वावडं असतं. हवेतली वाफ थंड काचेवर दवासारखी जमते. फिजीसारख्या दमट जागी रात्रभर वातानुकूलित खोलीत ठेवलेला कॅमेरा सकाळी बाहेर काढला की लेन्स पांढरी होते आणि पुढे कितीतरी वेळ काही दिसत नाही. तोवर संघ गेलेला असतो. म्हणून जाणती माणसं कॅमेरा एसीत ठेवतच नाहीत. ठेवावाच लागला तर बंद पिशवीत ठेवून, बाहेरच्या हवेइतका गरम झाल्यावरच पिशवी उघडतात. पाटागोनियात उलटं घडतं: बाहेरून गारठलेला कॅमेरा तंबूच्या उबेत आणला की घाम सुटल्यासारखा भिजतो. ओल लेन्सच्या दोन काचांमध्ये शिरली तर मागाहून बुरशी येते. मुंबईत आणि कोकणात पावसाळाभर कपाटात पडून राहिलेल्या लेन्सचं काय होतं, हे तिकडच्या कॅमेरावाल्यांना सांगायला नको. सिलिका जेलच्या पुड्या, झाकण घट्ट बसणारे डबे आणि पुसायला सुती रुमालांचा ढीग, याला आजही पर्याय नाही.

बॅटरीचं गणित वेगळं. थंडीत लिथियमची बॅटरी लवकर मान टाकते, म्हणून ती जॅकेटच्या आत, अंगाच्या उबेत ठेवतात. दाट जंगलात सौर पट्ट्या जवळपास निरुपयोगी, कारण ऊन जमिनीपर्यंत पोचतच नाही. त्यात विमानाचे नियम: सुट्या लिथियम बॅटऱ्या सामानकक्षात देता येत नाहीत, हातातल्या बॅगेतूनच न्याव्या लागतात, १०० वॉट-तासांपर्यंतच्या चालतात, १६० पर्यंतच्या विमान कंपनीच्या परवानगीने, त्यापुढच्या प्रवाशाला नेताच येत नाहीत. विमानतळावर आठ-दहा बॅटऱ्यांच्या टोकांना चिकटपट्ट्या लावत बसलेला माणूस दिसला तर तो बहुधा याच धंद्यातला असतो.

१९९५ मध्ये सामानाचा प्रश्न आणखी अवजड होता. खांद्यावर पेलायचा बीटाकॅम आणि त्यात मावणारी अर्ध्या तासाची टेप. टेप संपत आली की नेमकं काहीतरी घडतं, हा त्या काळच्या प्रत्येकाचा अनुभव. त्याच वर्षी सोनीचा व्हीएक्स-१००० आला. हातात धरता येणारा, तासाभराची छोटी कॅसेट घेणारा हा डिजिटल कॅमेरा साहसपटांना वरदान ठरला, कारण आता कॅमेरामन मोकळ्या हाताने दोर धरू शकत होता. निक वुडमन या सर्फर तरुणाने २००२ मध्ये कंपनी काढून २००४ मध्ये मनगटाला बांधायचा कॅमेरा आणला, तो पहिला गोप्रो. तो चक्क फिल्म रोलवर चालायचा. पुढे त्याचं डिजिटल पिल्लू हेल्मेटवर बसलं आणि स्पर्धकच कॅमेरामन झाले. यामुळे कॅमेरामनचं काम संपेल असं भाकीत तेव्हा झालं होतं. ते खोटं ठरलं, कारण हेल्मेटवरचा कॅमेरा समोरचा चिखल दाखवतो, चिखलात पडणाऱ्याचा चेहरा दाखवत नाही. शिवाय कुणी रडायला लागलं किंवा दोघांचं जुंपलं, की नेमकं त्याच वेळी बटण दाबायचं भान त्या चौघांपैकी कुणाला नसतं.

टेप गेली तशी नवी काळजी आली. १०० मेगाबिट वेगाने टिपलेलं फोर-के चित्रण तासाला ४५ जीबी जागा खातं. एका कॅमेऱ्याने दिवसात चार तास चित्रण केलं तर १८० जीबी, आणि असे कॅमेरे कितीतरी. कार्ड जंगलातून तळापर्यंत कधी हेलिकॉप्टरने, कधी होडीने, कधी कुणाच्या खिशातून येतं. तिथे एक जण रात्रभर बसून त्याच्या दोन वेगळ्या डिस्कवर प्रती करतो, त्या जुळवून पाहतो, आणि मगच कार्ड पुसायला परवानगी देतो. त्याचं काम कुणाला रोमांचक वाटत नाही. पण त्याच्या एका चुकीने चार माणसांचा अख्खा दिवस जगातून नाहीसा होतो, हे कॅमेरामन जाणतात आणि त्याला चहा आणून देतात.

आवाजाविषयी लिहायला हवं, कारण प्रेक्षक कधीच त्याची दखल घेत नाहीत. अस्पष्ट चित्र माणूस सहन करतो. न ऐकू येणारं भांडण सहन करत नाही. जीवरक्षक जॅकेटला घासणारा माइक, वारा, धबधबा, सायकलची साखळी, यांतून दोघांमधलं कुजबुजणं वेगळं काढायचं असतं. आणि या शर्यतीत जे महत्त्वाचं घडतं ते बहुतेक वेळा कुजबुजतच घडतं: ‘मला पुढे जमणार नाही’ हे कुणी ओरडून सांगत नाही. तिसऱ्या-चौथ्या रात्री झोपेअभावी स्पर्धकांना भास होऊ लागतात, झाडांत माणसं आणि दगडांत घरं दिसतात. त्या अवस्थेतलं बोलणं ज्याने नीट ध्वनिमुद्रित केलं, त्याने हेलिकॉप्टरमधून घेतलेल्या दहा दृश्यांपेक्षा मोठी कमाई केली असं मी म्हणेन.

ड्रोनबद्दल माझं मत फारसं चांगलं नाही. स्वस्त आणि सोपे ड्रोन २०१३ नंतर आले आणि साहसपटांचं रूपच पालटलं. पूर्वी हेलिकॉप्टरशिवाय न मिळणारं दृश्य आता सॅकमधून निघतं. जंगलाच्या हिरव्या चादरीत चार ठिपके सरकताना दिसले की मुलखाचा आवाका एका क्षणात कळतो, हे खरं. पण तेच दृश्य प्रत्येक दहा मिनिटांनी आलं की मुलूख कॅलेंडरवरचं चित्र होऊन बसतो आणि चढण सपाट दिसू लागते. चढणीचा कस जमिनीवरूनच कळतो, गुडघ्याच्या उंचीवर कॅमेरा धरून वर बघितलं की.

मात्र ड्रोन आणि हेलिकॉप्टरचा सगळ्यात मोठा दोष सौंदर्यदृष्टीचा नाही, न्यायाचा आहे. हेलिकॉप्टर डोक्यावर घिरट्या घालू लागलं की मागच्या संघाला पुढचा संघ कुठे आहे ते आयतं कळतं. दोन वाटा फुटतात तिथे कॅमेरामन एका वाटेवर उभा दिसला, तर नकाशाशी झटापट करणाऱ्या संघाला उत्तरच मिळालं. कॅमेरामनला आखलेली वाट माहीत असते, कोण किती पुढे आहे हेही माहीत असतं. स्पर्धकांना यातलं काहीच माहीत नसतं. ते विचारतात, आडून विचारतात, कधी नुसतं त्याच्या तोंडाकडे बघून अंदाज बांधतात. चुकीच्या दिशेने निघालेल्या संघाच्या मागे, तो चुकतोय हे माहीत असताना, तोंडावर काहीही न दाखवता तासन् तास चालणं हे या कामातलं सगळ्यात अवघड कौशल्य असावं. रात्री तर स्वतःची बॅटरीसुद्धा जपून लावावी लागते. त्या उजेडात कुणाला पायवाट दिसली तर तीही मदतच झाली.

मग मदत करायची कधी? पाणी द्यायचं नाही, खाऊ द्यायचा नाही, सॅक उचलायची नाही, इथवर नियम स्पष्ट असतात. पण फिजीत डोंगरातल्या गार पाण्याच्या घळीतून पोहत जाताना अनेक स्पर्धक काकडून गेले. अंगाची थरथर थांबत नाही, बोलणं अडखळतं, ही शरीराचं तापमान धोक्याच्या खाली उतरत असल्याची खूण असते. त्या थरथरीचं चित्रण हा मालिकेचा कळस असतो आणि तेव्हाच ते थांबवण्याची वेळही येते. २००४ मध्ये अमेरिकेतल्या ‘प्रायमल क्वेस्ट’ शर्यतीत दरड निसटून नायजेल एलॉट हा ऑस्ट्रेलियन स्पर्धक मरण पावला. म्हणजे ही नाटकातली संकटं नव्हेत. कॅमेरामनजवळ वायरलेस असतो, बहुतेकदा प्रथमोपचाराचं शिक्षणही झालेलं असतं, आणि रानात त्या घडीला शुद्धीवर असलेला, पोट भरलेला तो एकटाच माणूस असतो.

या प्रश्नाला सगळ्यात चांगलं उत्तर शर्यतीतून नाही, एव्हरेस्टवरून मिळालं आहे. मे १९९६ मध्ये डेव्हिड ब्रीशर्स तिथे आयमॅक्स चित्रपट करत होता. त्याच्यासाठी खास हलका केलेला कॅमेरासुद्धा १९ किलोंच्या आसपास भरत होता आणि त्यात एका वेळी जेमतेम दीड मिनिटाची फिल्म मावायची. १० मेच्या वादळात दुसऱ्या मोहिमांचे गिर्यारोहक वर अडकले. ब्रीशर्सच्या चमूने साउथ कोलवर स्वतःसाठी साठवलेला प्राणवायू आणि बॅटऱ्या त्यांना वापरू दिल्या. प्राणवायू गेला म्हणजे चित्रपटही जाऊ शकत होता. तो आणि त्याचे सहकारी कॅमेरा बाजूला ठेवून जखमींना खाली आणण्यात गुंतले. मग २३ मे रोजी ते पुन्हा वर गेले आणि शिखरावर कॅमेरा चालवला. चित्रपट झाला, गाजला. आधी माणूस, मग चित्रण, हे म्हणायला सोपं आहे. ब्रीशर्सने त्याची किंमत आधीच मोजून ते केलं.

उलट टोकाचं उदाहरण ‘फ्री सोलो’ या चित्रपटाचं. ३ जून २०१७ रोजी अ‍ॅलेक्स होनॉल्ड दोराशिवाय एल कॅपिटनचा कडा चढला तेव्हा त्याचे मित्रच कॅमेऱ्यामागे होते. सगळ्यात अवघड टप्प्यावर माणूस न ठेवता दुरून चालणारा कॅमेरा लावला, म्हणजे त्याचं लक्ष विचलित व्हायला नको. खाली उभ्या असलेल्या एका कॅमेरामनने अखेर बघवेना म्हणून तोंडच फिरवलं. कॅमेरा मात्र चालू राहिला.

कधी कधी सगळी आखणी बाजूला राहते आणि गोष्ट स्वतःच्या पायांनी चालत येते. नोव्हेंबर २०१४ मध्ये इक्वेडोरला झालेल्या जागतिक अजिंक्यपद शर्यतीत मिकाएल लिंडनॉर्ड या स्वीडिश स्पर्धकाने एका जखमी भटक्या कुत्र्याला मांसाचा गोळा खाऊ घातला. कुत्रा संघाच्या मागे निघाला, चिखलात रुतला, तरी आला. पुढचा टप्पा कयाकचा होता, तिथे त्याला मागे सोडायचं ठरलं. कुत्र्याने पाण्यात उडी घेतली आणि होडीमागे पोहू लागला. लिंडनॉर्डने त्याला वर ओढून घेतलं. तिथे कॅमेरा होता, म्हणून ‘आर्थर’ जगाला कळला. त्यावर पुस्तक झालं, २०२४ मध्ये मार्क वॉलबर्गला घेऊन चित्रपटही झाला, आणि चित्रपटवाल्यांनी शर्यत इक्वेडोरमधून उचलून डोमिनिकन रिपब्लिकमध्ये नेऊन ठेवली. त्या वर्षी पहिलं कोण आलं होतं हे या खेळातली मंडळी सोडली तर कुणाच्या लक्षात नाही.

तरुण वाचकांपैकी कुणाला हे काम करावंसं वाटलं तर सुरुवात लांब जाऊन करायची गरज नाही. पुण्याजवळ सह्याद्रीत ‘एन्ड्युरो थ्री’सारखी शर्यत होते, संघ तिघांचा, चालणं, सायकल, पाण्यातला टप्पा, सगळं एकाच शर्यतीत. मोबाइल घेऊन एखाद्या ओळखीच्या संघाचा एक टप्पा टिपून बघावा. घरी येऊन पाहिलं की बहुधा पाठीच दिसतील. पुढून किती मिळालं ते मोजावं, तीच खरी परीक्षा.

कॅमेऱ्याचं शिक्षण आणि डोंगराचं शिक्षण यांत आधी कोणतं, हा वाद या धंद्यात जुना आहे. माझं मत डोंगराच्या बाजूने आहे. छायांकन पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये शिकता येतं, चांगल्या कॅमेरामनच्या हाताखाली राहून शिकता येतं, चुकत चुकतही शिकता येतं. दोर, नदी आणि घसारा चुकत शिकायच्या गोष्टी नव्हेत. उत्तरकाशीची नेहरू गिर्यारोहण संस्था १९६५ पासून हे शिकवते आहे, दार्जिलिंगची हिमालयन माउंटेनिअरिंग इन्स्टिट्यूट त्याच्याही आधीपासून. उत्तरकाशीचा पायाभूत अभ्यासक्रम २८ दिवसांचा असतो. तो करा, प्रथमोपचार शिका, कागदी नकाशा वाचायला शिका. ड्रोनसाठी साठवलेले पैसे तोपर्यंत बँकेत राहू द्या.